सोमवारी कपाळ स्वच्छ पाहिजे

२२ सप्टेंबर, सोमवार

ही वही मॅडमना दाखवायची नाही. मॅडमना दाखवायची दैनंदिनी वेगळी आहे. तिच्यात मी पहाटे उठते, आईला मदत करते आणि वाचनाचं महत्त्व मला रोज नव्याने पटतं. श्वेता मॅडम दर शनिवारी ती तपासतात आणि खाली 'छान' लिहितात. या वहीत खोटं लिहायचं नाही, एवढाच नियम.

नाव अनुपमा चंद्रप्रकाश रोकाया. इयत्ता आठवी अ. राहणार मुलुंड पूर्व, सोसायटीच्या पंपाशेजारची खोली. बा याच सोसायटीचे वॉचमन. आम्ही नेपाळचे, अछाम जिल्ह्यातले. म्हणजे बा आणि आमा (आई) तिकडचे. मी मुलुंडलाच जन्मले. गावी आत्तापर्यंत तीनदा गेले आणि तिन्ही वेळा बसमध्ये उलट्या केल्या.

आज घटस्थापना. आमाने जमरा पेरला. जव मातीत पेरून नऊ दिवस अंधारात वाढवायचे. उजेड लागला की कोंब हिरवे होतात आणि मग ते चालत नाहीत, पिवळेच पाहिजेत. दसऱ्याला घरातली मोठी माणसं कपाळाला दही-तांदळाचा टिळा लावतात आणि हे कोंब कानामागे खोचतात. त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत नातेवाइकांकडे जाऊन रोज नवा टिळा घ्यायचा. आमचा हा सण म्हणजे दशैं.

पण आमच्या खोलीत अंधार कुठून आणायचा? खोलीला खिडकी नाही, म्हणून ट्यूबलाइट दिवसभर चालू. आमाने खूप विचार केला आणि टोपली लाल कापडाने झाकून मीटर रूममध्ये ठेवून आली. मीटर रूमची किल्ली बांकडेच असते. तिथे कोण जातंय?

दुसरी बातमी माझी. सहा ऑक्टोबरपासून आठवडाभर परिपाठ आमच्या वर्गाकडे आहे. प्रार्थनेनंतर पुढे उभं राहून सुविचार, बातम्या, दिनविशेष सांगायचे. पहिल्याच दिवशी, सोमवारी, शिक्षण खात्यातले साहेब शाळा बघायला येणार आहेत. त्या दिवशी सगळं सूत्रसंचालन मी करायचं!

यज्ञेश म्हणाला, "मॅडम, आपल्यातलं कोणी नाही का?"

मॅडम म्हणाल्या, "तिच्यासारखं मराठी तुझं असतं, तर तुला घेतलं असतं."

सगळा वर्ग हसला. घरापर्यंत मी चालत आले की उडत, मला आठवत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

मॅडमनी परिपाठाचा कागद दिला. अक्षर त्यांचंच, सुंदर. सुरुवातीला माझी ओळख आहे: 'मी मूळची नेपाळची, पण आता मी पूर्ण मराठी झाले आहे.'

सगळा कागद दुपारपर्यंत पाठ झाला. हे एक वाक्य होत नाही. तोंडात खडा आल्यासारखं होतं.

बांना विचारलं. ते ड्युटीवरून येऊन पोळी खात होते. (ते माझ्याशी नेपाळीत बोलतात. मी इथे मराठीत लिहिते, कारण नेपाळी मला बोलता येते, लिहिता धड येत नाही. हे मॅडमना माहीत नाही.) बा म्हणाले, "बोल की. एका वाक्याने काय बिघडतं?"

बांना एका वाक्याने कधीच काही बिघडत नाही. सोसायटीत त्यांना सगळे बहादूर म्हणतात, त्यानेही नाही. दरवर्षी दशैंचा टिळा लावून झाला की ड्युटीच्या आधी ते पंपाच्या नळावर कपाळ धुतात. कोणी सांगितलेलंही नसतं. मला राग येतो.

गंधाली म्हणाली, "अगं, बोलून टाक ना यार. मॅडमचं टेन्शन बघतेस ना?" गंधाली दुसऱ्या मजल्यावर राहते आणि माझ्याच बाकावर बसते. तिची आई पालक संघात आहे, म्हणून तिला सगळं कळतं. शाळेचा पट घसरलाय. अजून एक तुकडी बंद झाली तर सगळ्यात नवीन शिक्षक जास्तीचे ठरणार आणि त्यांना लांब कुठेतरी पाठवणार. सगळ्यात नवीन श्वेता मॅडम आहेत. त्या साहेबांच्या हातात काय काय आहे, हे मात्र गंधालीलाही नीट सांगता आलं नाही. मोठ्यांच्या भानगडी.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज आमच्या सोसायटीत करणी झाली!

सकाळी वीज कंपनीचा माणूस मीटर वाचायला आला. बांनी कुलूप उघडून दिलं आणि गेटवर हॉर्न वाजला म्हणून ते तिकडे पळाले. त्या माणसाला कोपऱ्यात लाल कापड, त्याच्याखाली माती आणि मातीतून पिवळं पिवळं काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. तो मीटर न वाचताच बाहेर आला. सेक्रेटरी अनिरुद्धकाकांनी लांबूनच फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत खाली पंधरा माणसं जमली.

"ए-विंगवाल्यांचंच काम."

"आमच्याच मीटरखाली कसं ठेवलंय बघा."

"बहादूर, तू उचल."

बा पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, माझंच आहे. सॉरी." हे ऐकून लोक अजून दोन पावलं मागे सरकले. बा सांगत होते, पूजेचं आहे, सॉरी, साहेब, सॉरी, उचलतो, सॉरी. मी मोजलं, चार वेळा. कोणी ऐकत नव्हतं. मग गंधालीची आजी, कुंदाआजी, जिन्यावरून एकेक पायरी उतरत आली. तिने चष्मा वर करून टोपलीत बघितलं.

"मेल्यांनु, करणी खंयची? रुजवण तां! आमच्या घटाखाली पण ह्यांच आसा. तुमच्या घरात घट बसत नाय काय रे?"

अनिरुद्धकाका म्हणाले, "पण आजी, पिवळं आहे ते."

"उजेड मेळूक नाय तर पिवळांच येतलां. तुका काळोखात ठेवलो तर तू काय गोरोच रवतलंस?"

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "मग आधी सांगायचं ना बहादूर." लोक वर गेले. मी आणि गंधाली एकमेकींकडे बघतच राहिलो. तिच्या घरी दसऱ्याला घटाचे हिरवे तुरे केसांत माळतात! सात वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहतो, चार वर्षं एका बाकावर बसतो आणि हे मला माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारली.

कुंदाआजी आमाला म्हणाली, "गो, माझ्या ओट्याखालच्या कपाटात ठेय. थंय काळोख आसा." आमाने हात जोडून नाही म्हटलं. उजेड आणि सगळ्यांच्या नजरा लागलेली टोपली तिने झाडाखाली रिकामी केली आणि नवे जव एका डब्यात पेरून पलंगाखाली, उलट्या बादलीत ठेवले. आता पाचच दिवस आहेत. कोंब बोटभर येतील.

"आजीने एवढं प्रेमाने सांगितलं, मग ठेवायचं ना तिथे," मी म्हणाले.

आमा म्हणाली, "त्यांचं त्यांच्या घरात. आपलं आपल्या घरात."

कधीकधी आमा उगाच हट्ट करते.

२९ सप्टेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत पाणी प्यायला गेले, तेव्हा मॅडम जिन्याखाली फोनवर बोलत होत्या. "हो वं माय, बसवला घट. नाही येनं होत दसऱ्याले. मंग काय करू? इथं साहेब येऊन राहिले ना." मला बघितल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "आई, मी नंतर बोलते हं."

आपल्या मॅडम 'मंग' म्हणाल्या! शुद्ध बोलण्याचा तास घेणाऱ्या मॅडम! गंधालीला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. मॅडम यवतमाळकडच्या आहेत म्हणे. वाटत नाही अजिबात.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी आमाने डबा उघडला. कोंब खरंच बोटभर, पण पिवळेधमक. आमच्या गावाकडे टिळा पांढरा लावतात, त्यात लाल रंग घालत नाहीत. तांदूळ आणि दही. बांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने दाबून दाबून लावला, भुवईपासून केसांपर्यंत. मग कानामागे जमरा खोचून आशीर्वाद म्हणाले. तो लांबलचक असतो. त्यात मी कोणाकोणासारखी होणार ते सगळं येतं. बांचा आवाज एरवी गेटवर ऐकू येतो त्याच्यापेक्षा वेगळा होता.

आत्तापर्यंत शाळेत जाताना मीही टिळा धुवायचे. हे लिहून ठेवते, कारण नियम नियम आहे. चौथीत एकदा राहिला होता, तेव्हा मुलांनी आठवडाभर मला मोमो म्हणून हाक मारली. त्यानंतर साबण लावून धुवायचे.

या वर्षी नाही धुणार. पौर्णिमेपर्यंत ठेवणार.

का, ते मात्र सांगता येत नाही. टिळा आवडतो म्हणून, की कागदावरचं वाक्य आवडत नाही म्हणून? दुसरं कारण असेल तर तो फक्त हट्टीपणा झाला. असू दे, हट्टीपणा तर हट्टीपणा.

बा संध्याकाळी ड्युटीच्या आधी नळावर गेले. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी धुतला. माझ्याकडे बघितलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेटपासून वर्गापर्यंत लोकांचं बघणं अंगावर चालत आलं. यज्ञेश ओरडला, "ए, दहीभात सांडला काय गं कपाळावर?"

"हो, तुझ्यासाठीच आणलाय. ये, चाट."

वर्ग खिदळला. यज्ञेशचे कान लाल. हे बोलायला चार वर्षं लागली मला.

मॅडम आल्या. हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबल्या. "अनुपमा, हे काय? जा, धुऊन ये."

"मॅडम, सण आहे आमचा. पौर्णिमेपर्यंत ठेवतात."

"सण घरी. शाळेत गणवेश म्हणजे गणवेश."

मी जागची हलले नाही, मग मॅडमनी वर्गाबाहेर काढलं. दहा मिनिटं बाहेर उभी राहिले. बाहेरून वर्ग छान दिसतो. गंधाली हात वर करून मॅडमना काहीतरी सांगत होती, स्वतःच्या वेणीकडे बोट दाखवत होती. मग मॅडम बाहेर आल्या. माझ्या कानामागचा जमरा दोन बोटांत धरून बराच वेळ बघत राहिल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या इकडं पण..." आणि दाराकडे वळल्या.

"आत ये. आज राहू दे. पण सोमवारी कपाळ स्वच्छ पाहिजे. साहेब येणारेत, खेळ नाहीये हा. मीसुद्धा इथे येऊन शिकलेच ना सगळं? ठरवलं की सगळं शिकता येतं."

मॅडमना काय शिकायला लागलं असेल? बीएड झालेल्या आहेत त्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज सकाळी मॅडम एकदम खुशीत. त्यांनी नवा कागद आणला. "अनुपमा, टिळा राहू दे! मी रात्रभर विचार केला. उलट छानच दिसेल." आणि वाचून दाखवलं: 'नेपाळमध्येही आपलाच दसरा साजरा होतो. ही आपलीच परंपरा तिथे पोचली आहे. म्हणून मला इथे कधीच परकं वाटलं नाही.' सगळ्या मुलींनी केसांत घटाचे तुरे माळायचे. मी मधोमध. गंधाली घरून पिशवीभर हिरवे तुरे घेऊन आली होती. ही कल्पना तिचीच. ती मला डोळ्याने विचारत होती, झकास ना?

मला मीटर रूमजवळ झालेला आनंद आठवला. तोच आनंद आत्ता का होत नव्हता, कळेना. मी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मॅडम, हे असं नाहीये."

"काय असं नाहीये?"

"हे तुमच्यासारखं दिसतं. पण तुमच्याकडून आलेलं नाही. आमचं आहे. आणि परकं वाटलं नाही, असंही नाही. पुष्कळदा वाटलं."

मॅडमच्या हातातला खडू तुटला. "म्हणजे? काल तुला ठेवायचं होतं, आज ठेव म्हटलं तरी नको? सगळ्यांपेक्षा वेगळं म्हणून मिरवायचंय का?"

"समजा, ते तुमच्यासारखं दिसलंच नसतं, मॅडम. मग टिळ्यासकट मला उभं केलं असतं का?"

हे मी का बोलले, माहीत नाही. बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं की मला हेच विचारायचं आहे. मॅडमनी तुटलेला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुला पुढे उभं राहायचंय की नाही, ते ठरव. हा कागद वाचायचा असेल तर सोमवारी तू. नसेल तर गंधाली. तिलाही पाठ करायला सांगते."

बाहेर पडताना गंधालीने पिशवी माझ्या अंगावर टाकली. "तुझ्यासाठीच केलं ना मी! कालपासून आजीच्या मागे लागून तुरे काढले. म्हणे तुमचं नाही. ठेव तुझं तुझ्याकडे!"

"गंधाली, ऐक ना."

"नाही ऐकत जा. तुला ना, कोणी आपलं म्हटलेलं सहनच होत नाही."

तुरे रस्त्यावर पडले होते. गोळा करून पिशवीत भरले आणि तिच्या दाराला अडकवून आले. बेल वाजवली नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

घाटकोपरला मामाकडे टिळ्याला. नेहमीसारखी मजा आली नाही. मामी म्हणाली, "बोलून टाक, शाळेचं नाव होईल, तुझं होईल." मामा म्हणाला, "आपण इथे लोकांच्या घरात राहतो, बाई." मी म्हणाले, "मी शाळेत शिकते, कोणाच्या घरात राहत नाही." मामाने बांकडे बघितलं. बा टिळ्याचे तांदूळ कालवत बसले होते.

परत येताना स्टेशनबाहेर बा म्हणाले, "मॅडमचा फोन आला होता."

मी म्हटलं, आता संपलं. बा सॉरी म्हणून मोकळे झालेले असणार.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, समजावा."

"मग?"

बा चालत राहिले. मग मीच, राहवेना म्हणून, विचारलं, "तुम्ही टिळा का धुता, बा? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. टोपीला चिकटतो. टोपी खराब होते."

हे काय उत्तर झालं? टोपी! मी पुढे चालायला लागले. बा मागून आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला चौदा वर्षांत कोणी विचारलं नाही, तुझं काय म्हणणं आहे ते. हे ठेव, ते उचल, गाडी काढ, एवढंच विचारतात. तुला विचारणार आहेत. माइक देणार आहेत हातात. मग तुझं असेल ते सांग. मला काय विचारतेस?"

घरी आल्यावर मॅडमचा कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला आणि स्वतः लिहायला बसले. चार ओळींच्या वर गेलं नाही.

भीती वाटते आहे. पण लिहिलेलं बरोबर आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आमाने नवा टिळा लावला, शेवटचा. शाळेत मॅडम गेटवरच उभ्या. "कागद पाठ आहे?" "हो मॅडम." ते खोटं नव्हतं. पाठ होता. पण अर्धं खरं बोलले. मॅडमना वाटलं मी ऐकलं. त्यांनी माझी कॉलर सरळ केली.

गंधाली दुसऱ्या रांगेत, केसांत तुरा, चेहरा भिंतीकडे.

साहेब पुढे खुर्चीवर. प्रार्थना, सुविचार, बातम्या नीट झाल्या. मग दिनविशेष. मी माइक धरला आणि म्हणाले:

"आज कोजागरी पौर्णिमा. आज आमच्या घरी दशैं संपतो. माझ्या कपाळावर आहे तो त्याचा टिळा आणि कानामागे आहे तो जमरा. तो घटाच्या तुऱ्यासारखा दिसतो, पण अंधारात वाढवतात म्हणून पिवळा असतो. माझे आईबाबा नेपाळचे आहेत. मी मुलुंडला जन्मले. मराठी मी या शाळेत शिकले आणि मला ती फार आवडते. ती शिकण्यासाठी मी काही सोडलेलं नाही."

मॅडमकडे बघितलं नाही.

साहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून माइक घेतला. "वा! काय मराठी आहे! मुलांनो, टाळ्या. बाळ, हे कपाळावरचं वगैरे आहे ना, ते हळूहळू सुटेल. मीही खेड्यातून आलो. मुंबईत यायचं तर पुष्कळ काही सोडावं लागतं. मीही सोडलं."

मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. इतका मोठा माणूस पहिल्यांदाच असं काहीतरी बोलत होता. म्हणून मी विचारलं, "काय सोडलं, सर?"

माइक चालू होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग हसले, पण नुसते दात दाखवून. "फार बोलते हं ही," असं मुख्याध्यापकांना म्हणाले आणि राष्ट्रगीताची खूण केली.

मी काही वाईट विचारलं का? शप्पथ, मला उत्तर हवं होतं.

दुपारी मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी ओरडा खायची तयारी करून गेले. मॅडम चिडल्या की नेहमीपेक्षा शुद्ध बोलतात. आज म्हणाल्या, "कायले भांडून राह्यली वं पोरी? काय भेटते तुले?"

मॅडमनी खडूचा डबा ओतला आणि रंगाप्रमाणे खडू लावायला लागल्या. लाल, पिवळे, निळे. अर्धा डबा झाल्यावर म्हणाल्या, "काय सोडलं, असं विचारतं का कोणी?" मला वाटलं मला विचारतायत. "मी विचारलं ना, मॅडम," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "जा वर्गात."

संध्याकाळी बा गेटवर होते. "काय झालं?" म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. "साहेबांना विचारलंस?" "हो." "माइकवर?" "हो." बा हसले. युनिफॉर्ममध्ये असताना ते असे मोठ्याने हसलेले मी आज पहिल्यांदा बघितले. अनिरुद्धकाका गाडीची काच खाली करून बघायला लागले तरी थांबले नाहीत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांनी शेरेबुकात लिहिलंय. गंधालीच्या आईने वाचलं, तिने गंधालीला सांगितलं आणि गंधालीने मला ऐकू जाईल अशा बेताने दुसरीला सांगितलं: 'विद्यार्थिनी धीट आहे. वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न विचारण्याच्या सवयीकडे वर्गशिक्षकांनी लक्ष द्यावे. लेखी खुलासा सादर करावा.'

धीट हे चांगलं लिहिलंय. उलट प्रश्न म्हणजे काय? मी सरळच विचारला होता.

उरलेल्या आठवड्याचं सूत्रसंचालन गंधालीकडे दिलं. आज तिने केलं. दोनदा अडखळली. मला आनंद झाला आणि मग लाज वाटली. मधल्या सुट्टीत तिने बाक बदलला. कपाळ आज रिकामं आहे. यज्ञेश म्हणाला, "चला, आलीस माणसात." मी म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला परत येतेच तुझा दहीभात घेऊन."

मॅडम म्हणाल्या, "खुलाशाला तुझं माफीपत्र जोडायचंय. पालकांची सही घेऊन परवा आण. अनुपमा, नीट लिही. हे फक्त तुझ्यापुरतं नाहीये."

ते फक्त माझ्यापुरतं नाही, हे मला आता थोडं कळतंय. मॅडमची बदली झाली तर ती माझ्यामुळे होईल. मॅडमनी मला निवडलं होतं. यज्ञेशला गप्प त्यांनीच केलं होतं. म्हणून मग मी टिळ्याबद्दल माफी मागायची? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्या एका पानावर बसत नाहीत.

८ ऑक्टोबर, बुधवार

सात कागद फाडले. आठवा हा:

'माननीय साहेब, सोमवारच्या परिपाठात मी आपल्याला सर्वांसमोर प्रश्न विचारला. आपण पाहुणे होता आणि मी माइक चालू आहे का ते पाहायला हवं होतं. त्याबद्दल मी माफी मागते. माझ्या टिळ्याबद्दल आणि मी जे सांगितलं त्याबद्दल मी माफी मागत नाही, कारण त्यात चूक नव्हती. मला हे बोलायला श्वेता मॅडमनी सांगितलं नव्हतं. त्यांनी दुसरा कागद दिला होता, तो मी वाचला नाही. ती जबाबदारी माझी. बोलायला त्यांनी शिकवलं, एवढंच त्यांच्याकडे येतं. आपली, अनुपमा चंद्रप्रकाश रोकाया, आठवी अ.'

बा मराठी हळूहळू वाचतात, बोट ठेवून. पूर्ण वाचायला पाच मिनिटं लागली.

"माफी कुठे आहे?"

"इथे. माइकची."

"आणि टिळ्याची?"

"नाही."

बांनी पेन मागितलं आणि सही केली. पूर्ण नावाची, चंद्रप्रकाश रोकाया, एकही अक्षर न गाळता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिल्या तासाआधी माफीपत्र मॅडमना दिलं. त्या उभ्यानेच वाचायला लागल्या आणि वाचताना खुर्चीवर बसल्या.

"हे असं पाठवू?"

"हो मॅडम."

"दुसरं लिहून देशील?"

"माइकबद्दल अजून दोन ओळी लिहीन. बाकीचं नाही."

"याने काय होईल माहितीये तुला?"

"नाही मॅडम." खरंच माहीत नाही. "तुमचं काही वाईट झालं तर मी साहेबांकडे जाऊन सांगेन."

मॅडम हसल्या की काय, कळलं नाही. त्यांनी आपला खुलासा टाइप करून ठेवला होता, दीड पान. तो त्यांनी काढला, वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. मग माझाच कागद समोर घेतला, माझ्या नावाखाली लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या म्हणण्याशी सहमत', सही केली, तारीख टाकली आणि पाकीट बंद केलं.

म्हणजे लिहिलेला खुलासा न देता एका ओळीवर भागवलं त्यांनी. आम्ही एका ओळीत उत्तर लिहिलं तर चालत नाही.

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. "मॅडम, आपल्या वर्गाचा परिपाठ परत कधी?"

"डिसेंबरमध्ये. का?"

"माझं नाव लिहून ठेवा."

"अनुपमा, हे पाकीट अजून टपालात पडलेलं नाहीये."

"डिसेंबरपर्यंत पडेल ना, मॅडम. आणि तुम्ही इथे नसलात, तर जे कोणी असतील त्यांना सांगेन. त्यांनी नाही म्हटलं तर परत सांगेन."

मॅडमनी वर्गाचं रजिस्टर उघडलं आणि मागच्या पानावर माझं नाव लिहिलं. पहिल्या क्रमांकावर. पेननेच.